तलवार, मेणबत्ती आणि वीस वर्षांचा भाडेकरार: ‘गॉब्लिन’ कसं बघायचं

‘गॉब्लिन’ ही कोरियन मालिका अर्ध्यावर सोडलेली माणसं ठाण्या-वाशीत शोधावी लागत नाहीत. काहीजण पहिल्याच भागात उठतात, कारण पडद्यावर कोणतं शतक चाललंय तेच कळत नाही. काहीजण नवव्या-दहाव्या भागाच्या सुमाराला गळतात, कारण तिथे काहीच घडत नाहीसं वाटतं. दोन्ही गळत्या टाळता येतात. त्यासाठी एक गोष्ट आधीच मान्य करून टाकायची: ही प्रेमकथा असली तरी चालते कायद्याच्या पुस्तकासारखी. जादूची कलमं ठरलेली आहेत, पोटकलमं आहेत, आणि एक अट मुद्दाम उशिरा उघड केलेली आहे. कलमं ध्यानात ठेवून बघणाऱ्याला हसू आणि रडू दोन्ही वेळेवर येतं. बाकीच्यांना नुसते पात्रांच्या अंगावरचे सुंदर कोट दिसतात. (कोट खरंच सुंदर आहेत, त्याबद्दल वाद नाही.)

आधी पत्रिका मांडू. टीव्हीएन या कोरियन केबल वाहिनीवर २ डिसेंबर २०१६ ते २१ जानेवारी २०१७ या काळात, शुक्रवारी आणि शनिवारी रात्री, एकूण १६ भाग. लिहिणारी किम उन-सुक. ‘द ग्लोरी’ ही मालिका पाहिली असेल तर तीच बाई, फक्त इथे तिचा हात बराच खेळकर आहे. दिग्दर्शक ली उंग-बोक. गॉब्लिन किम शिन झालाय गाँग यू, जी उन-ताक ही मुलगी किम गो-उन, यमदूत ली डाँग-उक, चिकनच्या दुकानाची मालकीण सनी म्हणजे यू इन-ना, आणि श्रीमंत घरचा वाया गेलेला नातू दोक-ह्वा म्हणजे युक सुंग-जे. पहिल्या भागाचं रेटिंग ६ टक्क्यांच्या आसपास होतं, शेवटच्या भागाचं १८ च्या पुढे गेलं. केबल वाहिनीसाठी हा आकडा डोळे विस्फारायला लावणारा. कोरियातल्या २०१७ च्या बेकसांग पुरस्कारांत गाँग यूला उत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक मिळालं, पण टीव्ही विभागातला सर्वोच्च मान गेला लेखिकेकडे. माझ्या मते बरोबरच गेला. ही मालिका आधी कागदावर जिंकलेली आहे.

आता पहिला भाग. तो सव्वा तासाहून मोठा आहे आणि निदान पाच काळांत उड्या मारतो. गोर्यो राजवटीतली लढाई (ही राजवट ९१८ ते १३९२), मग समुद्रातलं जहाज, १९६८ चं पॅरिस, १९९८ ची बर्फाची रात्र आणि शेवटी मालिकेच्या वर्तमानातली बारावीची मुलगी. नायक म्हातारा होत नाही, त्यामुळे काळ ओळखायला त्याच्या तोंडाकडे बघून उपयोग नाही. त्याच्या शेजारच्याकडे बघा. यू नावाचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या त्याची चाकरी करत आलंय. चाकरी करणारा माणूस बदलला की काळ बदलला. हा भाग जेवता जेवता बघू नका. पॅरिसमधल्या घरातून पळालेल्या पोराचं दृश्य दोन-तीन मिनिटांचं आहे, विनोदी वाटतं, आणि पुढे त्याचा हिशेब चुकता होतो. ते निसटलं तर पुढचं दृश्य कोरडं जातं.

नावाबद्दल थोडं. इंग्रजी नावामुळे हिरव्या कातडीचा बुटका राक्षस डोळ्यांसमोर येतो, तसं काही नाही. कोरियन लोककथेतला हा ‘दोक्केबी’. आपला मुंजा, हडळ, खवीस ही सगळी मेलेल्या माणसांची भुतं. दोक्केबीचं तसं नसतं. रक्त लागलेला जुना झाडू, केरसुणी अशा टाकून दिलेल्या वस्तूतून तो उपजतो, अशी समजूत. लोककथेत तो खोडकर, कुस्तीचा नादी, आणि बकव्हीटच्या (आपल्याकडे उपवासाला जे कुट्टूचं पीठ मिळतं तेच धान्य) जेलीवर जीव टाकणारा. त्याच्याकडे सोटा असतो आणि घातली की माणूस दिसेनासा होतो अशी टोपीही असते. लेखिकेने यातलं काय ठेवलं आणि काय हलवलं ते बघण्यात अर्धी मजा आहे. रक्ताने भिजलेली वस्तू ठेवली, पण झाडूऐवजी सेनापतीची तलवार आणली. कुट्टू ठेवलं, पण जेलीऐवजी त्याच्या पांढऱ्या फुलांचं शेत आणि तो गुच्छ आणला. अदृश्य करणारी टोपी मात्र त्याच्याकडून काढून यमदूताच्या डोक्यावर ठेवली.

दुसरी ओळख करून घ्यायची ती समशिन हालमोनीची. कधी भाजी विकणारी म्हातारी, कधी लाल सूट घातलेली बाई म्हणून ती येते आणि कथेच्या सांध्यावर उभी राहते. सबटायटलमध्ये ती नुसती ‘देवी’ किंवा ‘आजी’ होते, म्हणून कोण ते कळत नाही. मराठी घरात हे एका शब्दात सांगता येतं: सटवाई. बाळंतपण आणि तान्ह्या बाळाची राखण बघणारी. फरक इतकाच की सटवाई एकदा कपाळावर लिहून जाते, ही मात्र आपण जन्माला घातलेल्या लेकरांसाठी पुढेही भांडत राहते.

आता मुख्य कलमं. गोर्योच्या तरुण राजाने आपल्याच विजयी सेनापतीला मारलं, आणि ती तलवार त्याच्या छातीत आजही आहे. तो ९०० हून जास्त वर्षं जिवंत आहे, ही शिक्षा. ती तलवार फक्त ‘गॉब्लिनच्या नवरीला’ दिसते आणि तिलाच उपसता येते. उपसली की शिक्षा संपते, म्हणजे तोही संपतो. इतकं पहिल्या दोन-तीन भागांत स्पष्ट होतं. त्याच्या जोडीला छोटी कलमं येतात. उन-ताकने कुठलीही ज्योत फुंकून विझवली (मेणबत्ती, काडी, लायटर, काहीही) की तो जिथे असेल तिथून तिच्यासमोर ओढला जातो. तो दुःखी झाला की पाऊस पडतो, खूश झाला किंवा जास्त प्यायला की भलत्या ऋतूत फुलं येतात. तो कुठलंही दार उघडून कुठेही निघू शकतो. माणसांचं भविष्य त्याला दिसतं, पण या मुलीचं दिसत नाही. आणि ती त्याच्या मागोमाग त्या दारातून थेट कॅनडातल्या क्वेबेक शहरात पोचते. कुणाही माणसाला जे जमू नये ते तिला जमतं, आणि नेमक्या त्याच क्षणी आपल्याला आणि त्याला एकदमच कळतं की ही मुलगी साधी नाही.

ज्योतीचं कलम सगळ्यात जास्त राबवलेलं आहे. आधी ते चेष्टेसाठी येतं: तो मीटिंगमध्ये, तो जेवताना, तो अर्धवट तयारीत. मग ते काळजीसाठी येतं. मग ज्योत हाताशी नसताना काय, हा प्रश्न येतो. एकाच नियमातून विनोद, भीती आणि ओढ काढायची, हे या लेखिकेचं खरं कसब. बऱ्याच फँटसी मालिका दर दोन भागांनी नवी शक्ती आणतात आणि मग जुनीचं काय झालं ते विसरतात.

यमदूताची कलमं वेगळ्या खात्यातली. त्याला रोज कार्डं येतात. त्यावर मरणाऱ्याचं नाव, वय, वेळ, कारण. तो त्या माणसाला चहाच्या खोलीत नेतो आणि एक कप देतो. प्यायलं की या जन्माची आठवण पुसली. प्रत्येकाला चार जन्म: पेरणीचा, पाणी घालण्याचा, कापणीचा आणि कापलेलं वापरण्याचा. यमदूत स्वतः कोण होता ते त्याला आठवत नाही. मागच्या जन्मी मोठं पाप केलेल्यांनाच ही नोकरी मिळते एवढंच माहीत. नावही नाही. सनी नाव विचारते तेव्हा गडबडून तो ‘किम वू-बिन’ म्हणतो, जे कोरियातल्या एका खऱ्या प्रसिद्ध नटाचं नाव आहे. (हे माहीत नसेल तर तो विनोद पाण्यात जातो. २०२५ मध्ये याच लेखिकेच्या दुसऱ्या फँटसी मालिकेत हाच किम वू-बिन जिन होऊन आला, हे आणखी गमतीचं.) यमदूतांना वरिष्ठ-कनिष्ठ आहेत, कागदपत्रं आहेत, ऑफिसच्या पार्ट्या आहेत. आणि उन-ताक म्हणजे त्यांच्या दफ्तरातली राहून गेलेली फाइल. १९९८ च्या रात्री मरायला हवी होती, गॉब्लिनने मध्ये पडून वाचवली, त्यामुळे तिचा हिशेब कुठेच बसत नाही.

या दोघांना एका घरात आणणारं कारण ठाणेकरांना विशेष आवडेल. गॉब्लिन परदेशी असताना दोक-ह्वाने त्याचं घर परस्पर भाड्याने देऊन टाकलं, आणि तेही वीस वर्षांसाठी. आपल्याकडे अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर मालक आणि भाडेकरू एकमेकांना पुरे होतात, इथे वीस वर्षं, एक अमर आणि दुसरा मेलेला. एक मांस खाणारा, दुसरा शाकाहारी. जेवणाच्या टेबलावर सुऱ्या-काटे हवेत उडतात. दोक-ह्वा गॉब्लिनला ‘काका’ म्हणतो आणि यमदूताला ‘शेवटच्या खोलीतले काका’. मालिकेतला सगळ्यात चांगला विनोद या घरमालक-भाडेकरू भांडणात आहे, प्रेमप्रकरणात नाही. दुसऱ्या भागाच्या शेवटी दोघे धुक्यातून खांद्याला खांदा लावून येतात तो अतिगंभीर शॉट आठवणीत ठेवा. पुढे हेच दोघे तशाच थाटात, तशाच प्रकाशात चालत येतात, हातात कांद्याच्या पातीच्या पिशव्या घेऊन.

आणि एक खराखुरा कागदी करारही आहे. उन-ताक त्या घरात राहायला आल्यावर ती आणि गॉब्लिन पक्षकार म्हणून सह्या करतात. दृश्य हलकंफुलकं आहे, सबटायटल भराभर जातं. तिथे पॉज करा आणि वर्षाच्या पहिल्या बर्फाबद्दलचं कलम पूर्ण वाचा. आत्ता इतकंच.

विनोदी दृश्यं पुढे ढकलून ‘मुद्द्याचं’ बघणाऱ्यांचं याच जागी नुकसान होतं. या मालिकेत पुरावे विनोदात लपवलेले असतात. पादचारी पुलावर म्हातारी मांडून बसलेली हिरवी अंगठी, यमदूत आणि सनी दोघांनी एकदम हात घातलेली. घरातलं गुंडाळलेलं चित्र, जे बघून यमदूताला कारण न कळता रडू येतं. उडाणटप्पू दोक-ह्वाच्या तोंडून मध्येच निघणारं शहाण्यासारखं वाक्य. या तिन्हींवर नजर ठेवली तर मागच्या जन्माचं कोडं मालिकेच्या आधी आपल्याला सुटतं, आणि सुटलेलं असताना बघण्यात जास्त मजा आहे.

आता बघण्याची तयारी. कोणत्या अ‍ॅपवर आहे ते बदलत राहतं, म्हणून शोधताना ‘गॉब्लिन’ने सापडलं नाही तर ‘गार्डियन: द लोन्ली अँड ग्रेट गॉड’ टाइप करा. काही ठिकाणी ती याच नावाने असते. डब मिळालं तरी मूळ आवाजात बघा. कारण सांगतो: कोरियनमध्ये अहो-जाहो आणि अरे-तुरे वाक्याच्या शेवटात असतं. शेवटी ‘यो’ ऐकू आला तर मान, नाही आला तर सलगी किंवा राग. इंग्रजी सबटायटलमध्ये दोन्ही ‘यू’च. उन-ताक बराच काळ त्याला ‘आजोशी’ म्हणते, म्हणजे अनोळखी मोठ्या पुरुषाला हाक मारतात तसं. कोण कुणाशी कधी ‘यो’ टाकतं किंवा सोडतं एवढं कानाने पकडलं की अर्धे संवाद न वाचता कळतात.

सबटायटलच्या सेटिंगमध्ये अक्षरांमागे काळी पट्टी लावून घ्या. बर्फ, कुट्टूची फुलं, धुकं, पांढरे पडदे, सगळं पांढरं. पांढरी अक्षरं त्यात विरघळतात. वेग दीडपट करू नका. संवाद वाचून होतात, पण दोन वाक्यांमधली गप्प जागा मरते, आणि गाँग यूचा बराचसा अभिनय त्याच जागेत आहे. ‘पुढचा भाग आपोआप’ हे बटण बंद. शेवटी एखादं छोटं दृश्य राहिलेलं असतं, ते अ‍ॅप गिळून टाकतं. उलट पुढच्या भागाची झलक दिसली की ताबडतोब थांबवा, ती फार बोलते.

वयाचा घोळही आधीच मिटवू. मालिकेत मुलीचं वय १९ सांगतात. जुन्या कोरियन पद्धतीत जन्मताच एक वर्ष धरायचे आणि नव्या वर्षी आणखी एक वाढवायचे, म्हणून आपल्या हिशेबाने ती १८ ची. (सरकारी कामांत ही पद्धत जून २०२३ मध्ये बंद झाली.) ती बारावीला आहे आणि नोव्हेंबरातल्या त्यांच्या प्रवेश परीक्षेला बसते.

हिशेब वेळेचा. १६ भाग मिळून साधारण वीस तास. ट्रान्सहार्बर लोकलने ठाणे ते वाशी अर्धा तास, ठाणे ते पनवेल पाऊण तासाच्या थोडं वर. म्हणजे एक भाग एका फेरीत बसत नाही. पण एक सोय आहे. केबल वाहिन्यांना भागाच्या मधोमध जाहिराती दाखवायची परवानगी आधीपासून होती (तिथल्या मोठ्या खुल्या वाहिन्यांना ती जुलै २०२१ मध्ये मिळाली), म्हणून लेखक भागाच्या मध्यावर एक छोटा धक्का ठेवतात. दृश्य एखाद्या चेहऱ्यावर थांबतं आणि पुढचं वेगळ्याच ठिकाणी सुरू होतं. तो सांधा ओळखा आणि तिथेच थांबा. जाताना अर्धा, येताना अर्धा. घरच्या वायफायवर डाउनलोड करून घ्या, साध्या दर्जात. मोबाइलच्या पडद्यावर फरक कळत नाही. पहिला, आठवा, तेरावा आणि शेवटचे दोन भाग मात्र गाडीत नकोत. निदान डोळ्यांना पदर-रुमाल लावायला जागा तरी हवी.

मधल्या मंदीचं कारण. नऊ ते बारा या भागांत दोन्ही जोड्या एकाच जागी घुटमळतात. कथानकात मजकूर चौदा भागांचा आहे आणि चौकट सोळाची. त्यात भर म्हणून वस्तूंची जाहिरात कथेत घुसवलेली. कोरियात २०१० पासून टीव्हीवर याला रीतसर परवानगी आहे, आणि मोठ्या मालिकांचा खर्च काही अंशी त्यातूनच निघतो. म्हणून सनीचं दुकान एका खऱ्या चिकन कंपनीचं, म्हणून पात्रं मध्येच बाटलीचं लेबल कॅमेऱ्याकडे करून पाणी पितात. यावर चिडून उपयोग नाही; लेबल दिसलं की समजायचं, पुढचं अर्धं मिनिट आपल्या चहाचं. या चार भागांत एका बैठकीत एकच भाग बघा. सलग चार बघितले की सगळेच रेंगाळलेले वाटतात, आणि माणूस तेराव्याच्या आधी गळतो, जिथून गाडी पुन्हा वेग धरते.

एक आक्षेप खरा आहे आणि तो गुंडाळून ठेवण्यात अर्थ नाही. शाळेच्या गणवेशातली मुलगी आणि नऊशे वर्षांचा, दिसायला पस्तिशीपलीकडचा पुरुष. गाँग यूचा जन्म १९७९ चा, किम गो-उनचा १९९१ चा. कोरियातही यावर टीका झाली. लेखिकेने मुलीला तोंडाळ, हिशेबी आणि स्वतःची बाजू मांडणारी केलं आहे, पैसे मागताना ती लाजत नाही, म्हणून ते बरंच सहन होतं. पण सुरुवातीच्या भागांत काही दृश्यं खटकतात ती खटकतातच. घरात दहावी-बारावीची मुलं बरोबर बसणार असतील तर बोलायची तयारी ठेवा. तुलनेत यमदूत आणि सनी ही जोडी दोन मोठ्या माणसांची आहे, आणि मला तरी तीच जास्त पटते.

आवडली तर पुढे काय? नियमांच्या अंगाने बघायचं तर ‘माय गर्लफ्रेंड इज अ गुमिहो’ (२०१०). हाँग भगिनी या लेखिकांची. नऊ शेपट्यांची कोल्हीण, तिचा मणी, शंभर दिवसांची मुदत, आणि दोघांपैकी एकालाच जगता येईल असा पेच. ‘गॉब्लिन’च्या मध्यावर जी गाठ पडते तिचीच ही सहा वर्षं आधीची, अधिक येडपट बहीण. खर्च कमी दिसतो, हसू जास्त येतं. त्याच भगिनींची ‘हॉटेल देल लुना’ (२०१९) दिसायला देखणी, पण तिच्यात दर भागात नवा पाहुणा-भूत येतो, त्यामुळे मुख्य नियम पातळ होतो.

इथून पुढे शेवट उघड होतो. ज्यांनी बघितलेली नाही त्यांनी इथेच थांबावं.

उशिरा उघड केलेली अट ही: नवरीने तलवार उपसली तर तो जातो, नाही उपसली तर तिच्यावर मरण पुन्हा पुन्हा येत राहतं, दर वेळी आधीपेक्षा जवळून. हे कळल्यावर आधीची सगळी दृश्यं मनात परत लावून बघा, एकही खोटं पडत नाही. तेराव्या भागात तलवार निघते आणि किम शिन राख होऊन जातो. कोरियात हा भाग १३ जानेवारीला दाखवला आणि चौदावा थेट २० तारखेला. मध्ये एका रात्री नव्या भागाऐवजी विशेष कार्यक्रम होता. तिथल्या प्रेक्षकांना सुतकासारखा एक आठवडा मिळाला. आपण मात्र पंधरा सेकंदांत ‘पुढचा भाग’ दाबतो आणि नऊ वर्षं पुढची रेडिओवर काम करणारी उन-ताक बघून म्हणतो, ही कसली दुसरीच मालिका. तेराव्यानंतर निदान दोन-तीन दिवस थांबा. चौदावा मग वेगळा लागतो.

आणि तो परत येतो तो कशाने? त्याच कागदाने. पहिल्या बर्फाच्या दिवशी एका पक्षाने बोलावलं की दुसऱ्याने यायचंच. सगळं विसरलेली उन-ताक त्या दिवशी मेणबत्ती विझवते, आणि मेणबत्तीचं कलम आणि कराराचं कलम एकदम लागू होतं. देव मध्ये पडत नाही, प्रेमाच्या ताकदीवर भाषण होत नाही. सही केलेला कागद कामाला येतो. टीव्हीवरच्या फँटसीत इतका स्वच्छ परतीचा रस्ता मी दुसरा पाहिलेला नाही.

सोळाव्या भागाबद्दल मात्र तक्रार आहे. शाळेच्या छोट्या मुलांना वाचवताना उन-ताक स्वतःची गाडी मध्ये घालते आणि मरते. यमदूताकडे तिचं कार्ड आधी आलेलं नसतं. कारण दिलं जातं की माणसाने स्वतःहून दिलेला बळी देवाच्या हिशेबात नसतो. नशीब हा देवाने टाकलेला प्रश्न आहे, उत्तर माणसाने शोधायचं, अशा अर्थाचं वाक्य आधी येऊन गेलंय, त्यामुळे हे अगदीच हवेतून आणलं असं म्हणता येत नाही. पण ते सुविचार म्हणून आलं होतं, कलम म्हणून नाही. बाकी सगळे नियम आधी कृतीत दाखवून मग वापरले, हा एकच तोंडी सांगून वापरला. त्यानंतरचं चहाच्या खोलीतलं दृश्य मात्र नियमाला धरून आहे: कप पुढे येतो, ती पीत नाही, म्हणून पुढच्या जन्मी तिला आठवतं. सनी आणि यमदूताचा पुढचा जन्मही चार जन्मांच्या हिशेबात चोख बसतो.

पंधरावा आणि सोळावा भाग कोरियात एकाच रात्री पाठोपाठ दाखवले होते. तसेच बघा. पंधराव्यात सगळं सुरळीत होतं आणि तिथे थांबून झोपलं तर दुसऱ्या दिवशी सोळावा उगाच क्रूर वाटतो. दोन्ही मिळून अडीच तासांच्या आसपास, म्हणजे शनिवारी जेवणं उरकून साडेनऊला सुरू केलं तर बारा वाजतील. शेजाऱ्यांना आवाजाची कल्पना देऊन ठेवा. मालिकेतलं गायिका एलीचं पहिल्या बर्फाचं गाणं बारीक आवाजात ऐकण्यासारखं नाही.